मेंढरांचा उतार

४ जानेवारी २०२४, गुरुवार

टण्... टण्... टण्... आणि मग टुब्.

आज जाग आली ती ह्या आवाजानं. साठ वर्षांपूर्वीचा आवाज. आमच्या कळपाचा म्होरक्या मेंढा गोदावरीच्या पाण्यात उतरायचा, गळ्यात काशाची घंटी. बा काठावर उभा राहायचा, पण पाण्याकडं बघायचा नाही. डोळे मिटून घंटी ऐकायचा. पाणी पोटाला लागलं की आवाज मोकळा, छातीला लागलं की जड, आणि घंटीच बुडाली की टुब्. टुब् झालं रे झालं की बा ओरडायचा, "फिरवा रं!" सगळा कळप माघारी. घंटी वाजते तोवर उतार, मुकी झाली की डोह. ह्या एका हिशेबावर बानं आयुष्यभर मेंढरं नदीपार नेली. एक कोकरू वाहून गेलं नाही.

वही सत्यशीलानं दिली. म्हणाली, "मामा, तुमच्या कविता हिच्यात लिवा. आत्याबाईच्या डोक्याला ताप नगं." सत्यशीला माझी सून. माझा अंगद तलाठी होता. दोन वर्षांमागं नदीकाठच्या वाटेवर वाळूची गाडी अडवायला आडवा उभा राहिला. गाडी थांबली नाही. तिला नंबर नव्हता, आणि पोलिसांना तो अजून सापडलेला नाही.

सत्यशीला शहरातल्या तलावावर बायकांना पोहायला शिकवते. आज जेवताना तिनं सांगितलं, शहराची घाण घेऊन खाम नदी जिथं नाथसागराला मिळते तिथून धरणाच्या भिंतीपर्यंत ती पोहत जाणार. एकोणीस किलोमीटर, एका दमात, ११ फेब्रुवारीला. वाटेत जागोजागचं पाणी बाटल्यांत भरायचं, वाळू उपसलेल्या जागा लिहायच्या आणि सगळं भिंतीवर मांडायचं. आपण काय पितो ते लोकांनी बघावं.

माझी बायको बाना भाकरी थापता थापता थांबली. "नवरा घेतला नदीनं. आता तू बी जा."

"नदीनं नाय घेतला, आत्याबाई. नदी ज्यांनी लुटली त्यांनी घेतला."

बानानं तव्यावरची भाकरी जळू दिली.

मला मात्र आनंदच झाला. तिची वाट आमच्या उतारावरून जाते! गाव धरणात गेलं, उतारही गेला, पण यंदा पाऊस नाही, पाणी हटलंय. उतारावर आता कमरेइतकंच असणार. होडीला हात लावायचा नाही असा तिचा नेम आहे. पण अर्ध्या वाटेवर नदीच्याच अंगावर उभं राहून दम खायला कुणाची ना आहे?

७ जानेवारी

सत्यशीलाचा फोटो पेपरात. खाली ओळ, 'सासरे सोनाजी गुरुजी यांना नदीचा तळ तोंडपाठ.' चार वेळा वाचली.

नळाला नवव्या दिवशीही पाणी नाही. आमच्या हर्सूलला तुरुंगाच्या अलीकडं, घरासमोरच टँकर आला आणि पाइपावरून दोन बायकांत जुंपली. एकीनं दुसरीच्या डोक्यात भरला हंडा घातला. रक्त आणि पाणी एकाच गटारीत गेलं, आणि बाकीच्या बाया वाहून चाललेल्या पाण्यापायी हळहळल्या. मी ओट्यावरून म्हणालो, "अगं, जळाला जीवन म्हणतात." बाना म्हणाली, "मग जीव द्या तिथं जाऊन, नाय तर हंडा तरी धरा."

१० जानेवारी

आज चहाच्या टपरीवर एक रत्न भेटलं. सत्यम नाव. तिशीचा, पाटलाच्या घरचा, नदीकाठच्या गावचा. पेपर वाचून मला शोधत आला. म्हणाला, "गुरुजी, जुन्या नदीची लई आवड हाय मला. सांगा की कायतरी." साठ वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं! छत्तीस वर्षं सोयगाव तालुक्यात मास्तरकी केली, चालीवर कविता शिकवल्या, पोरं खिडकीबाहेर बघायची. हा माझ्याकडं बघत होता.

त्याच्याजवळ दोन फोन. विचारलं तर म्हणाला, "एक घरासाठी, एक नदीसाठी." किती सुंदर बोलला! वहीत टिपून ठेवतो.

बोलता बोलता मी अंगदचं नाव काढलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तलाठी आप्पा... तुमचा पोरगा?" पुन्हा कप उचलला नाही. आजकाल परक्याच्या दुःखानं कोण चहा टाकतं?

१८ जानेवारी

सत्यम जीपमधून मला नदीवर घेऊन गेला. जीपमध्ये पायाखाली ओली वाळू. पोर सारखं नदीवर जात असणार. वाटेत दोन ठिकाणी लोक रस्त्यात उभे होते, त्याला पाहताच बाजूला झाले. मान आहे घराण्याला.

काठावर उभा राहून मी त्याला माझी कविता ऐकवली:

गोदे, तुझ्या तळाची मज वाट पाठ आहे,
बाच्या मुक्या मिठीची ती भेटगाठ आहे.

त्यानं पाण्यात एक खडा टाकला. मग विचारलं, "ताई कवा निघणार? होड्या किती? थांबा कुठं कुठं?" मी सगळं सांगितलं. परवानगी एकाच होडीची मिळालीय हेही सांगितलं. असा श्रोता रोज मिळत नाही.

२५ जानेवारी

सकाळी फाटकाला मेंढीचं मुंडकं अडकवलेलं. डोळे उघडे, तोंडात वाळू कोंबलेली. बाना बघून मटकन बसली. मी म्हणालो, जत्रा जवळ आलीय, कुणा टवाळ पोराचं काम.

सत्यशीलानं मुंडकं सोडवलं, परसात खड्डा करून पुरलं, हात धुतले आणि पोहायला गेली. जाताना म्हणाली, "मामा, आपण कुठून कुठं जाणार ते बाहेर कुणाला बोललात का?"

"छे," मी म्हणालो. सत्यम काही बाहेरचा नाही.

२ फेब्रुवारी

फकिरासाठी नकाशा काढला. फकिरा आमचा नावाडी, भोयाचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पण दंड अजून लोखंडी. नकाशात सगळं आलं: बाभळीचं वळण, धोब्याचे खडक आणि मधोमध मेंढरांचा उतार, निळ्या शाईनं. खाली लिहिलं, 'इथे उभे राहावे. पाणी कमरेइतके. तळ वाळूचा, आईच्या मांडीसारखा.'

टपरीवर सत्यमला दाखवला. तो उतारावर बोट ठेवून बसला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, इथं नका थांबू म्हणा ताईला. बाकी कुठंबी थांबा. इथून लांबून जा."

"कामून?"

"पाणी खोल हाय तिथं."

मला हसू आलं. मग राग आला. "अरे, तू पाटलाचा. मेंढराच्या शेपटीला धरून नदी ओलांडलीस का कधी? माझा बा डोळे मिटून पार व्हायचा तिथून!"

"तवाची गोष्ट येगळी, गुरुजी."

"नदी तीच आहे."

तो उठला. चहा न पिताच निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "त्यो नकाशा फाडा."

एक दिवस नदीवर फिरला की आजकालच्या पोरांना वाटतं आपल्याला सगळं कळतं. हे घरी सांगण्यासारखं नाही. उगाच सत्यशीलाच्या मनात किडा.

१० फेब्रुवारी

तयारी झाली. सत्यशीलाच्या कमरेला दोरीनं नारिंगी फुगा बांधलेला असतो, तो तिच्यामागं तरंगतो. पेटीतून बाची घंटी काढून मी त्या फुग्याच्या पाठीवर बांधली.

"मामा, एकोणीस किलोमीटर ही किणकिण माझ्या डोक्यात जाईल."

"वाजती तोवर मी निर्धास्त."

ती हसली. अंगद गेल्यावर तिला हसताना तिसऱ्यांदा पाहिलं. बानानं तिच्या पाठीला खोबरेल चोळलं. इतकं जोरात, की जणू तेल नाही, तिची कातडीच जाड करायची होती.

१३ फेब्रुवारी

आता लिहितो. खालचा ओठ शिवलाय, समोरचे दोन दात नाहीत.

परवा उजाडताना ती उतरली. खामेच्या तोंडाशी पाणी काळं, वर फेस, मेलेले मासे पोट वर करून. ती पहिला किलोमीटर मान वर काढून, ओठ घट्ट मिटून पोहली. डोळे लाल झाले. पुढं पाणी निवळलं आणि तिचा हात लागला. दर हातामागं घंटी, टण्, टण्. फकिरा वल्हं मारत होता, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. दहाच्या सुमारास बाभळीचं वळण आलं. तिचे ओठ निळे पडले होते. मी ओरडलो, "उभी राहा पोरी! हाच आपला उतार!"

तिनं पोहणं थांबवलं आणि पाय खाली सोडले.

टुब्.

हे लिहिलंच पाहिजे. माझे डोळे मिटलेले होते. बासारखे. टुब् ऐकलं आणि मी हसलो. क्षणभर मी काठावर होतो, दहा वर्षांचा, शेजारी बा. मी ओरडलो नाही. 'फिरवा रं' म्हणायचं ते माझ्या तोंडून निघालंच नाही. ओरडला तो फकिरा.

डोळे उघडले तर ती नाही, फुगा नाही. खाली तळच नव्हता. दोन पुरुष खोल खड्डा, वाळू पिऊन घेतलेला. वळणाआड वाळू ओढायची मशीनची बोट उभी होती, तिची लोखंडी तार पाण्याखालून काठापर्यंत ताणलेली. फुग्याची दोरी त्या तारेत गुंतली आणि बोटीवर कुणीतरी मशीन चालू केली. तार तिला खाली ओढत होती.

मग दगड आले. पहिला फकिराच्या कपाळावर बसला, पांढरं हाड दिसलं. तरी त्यानं वल्हं सोडलं नाही. बोटीवर पाचसहा जण, हातात सळया. एक जाडा ओरडत होता, "बुडू द्या तिला! नवऱ्याकडं जाऊ द्या!" बाकीचे त्याला सर्जेराव म्हणत होते.

आणि त्यांच्यातून एकानं सूर मारला. सत्यम! माझा सत्यम! त्याच्या हातात पातं चमकलेलं मी पाहिलं, फक्त मीच, कारण बाकीचे आमच्या होडीवर उड्या टाकत होते. सर्जेराव हसून ओरडला, "धर, पोरा, खालीच धर तिला!" त्यांना वाटलं तो तिला बुडवायला गेला.

सळईचं टोक माझ्या तोंडावर बसलं. रक्ताची चव, दाताचे तुकडे. बाटल्या फुटत होत्या, एकेक, मुद्दाम. तेवढ्यात पाणी फाडून सत्यशीला वर आली. काळं पाणी ओकली, होडीची कड धरून वर चढली. आधी तिनं श्वास घेतला नाही. आधी दुसरं वल्हं उचललं. जो माणूस फकिराला मारत होता त्याच्या जबड्यावर तिनं ते दोन्ही हातांनी आडवं घातलं. भोपळा फुटल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्या वारात तो पाण्यात गेला. तिचा चेहरा मी ओळखला नाही. ती अंगदचं नाव घेऊन मारत होती.

त्यांचा माणूस बुडायला लागला, ते त्याच्यामागं गेले, आणि फकिरानं एका डोळ्यात रक्त घेऊन होडी काठाला लावली.

साडेनऊ किलोमीटर. अर्धी नदी. एकही बाटली शाबूत नाही.

१४ फेब्रुवारी

पोलिसांनी लिहून घेतलं: 'अनोळखी इसम.' सर्जेराव नावाचे शंभर असतात म्हणे. सत्यशीलाचा उजवा खांदा त्या दुसऱ्या वारात निखळलाय, गळ्यात झोळी. फकिराला अकरा टाके.

दवाखान्यात पेपरवाला आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि मुख्य म्हणजे सत्यमचं. अंधारात दिवा असावा तसा तो पोरगा, म्हटलं. पात्यानं दोरी कापली, स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही, त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापा. ऋण असं फेडावं. तो कसा नेमका वेळेवर पोचला, ह्याचं मात्र नवल वाटतं.

१५ फेब्रुवारी

छापून आलं. 'सत्यमनेच कापली दोरी: गुरुजींची कृतज्ञता.' बानाला अक्षरओळख नाही, म्हणून वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, त्यो मशीनच्या बोटीवर काय करत व्हता?"

मी पेपराची घडी घातली.

"त्याला ठिकाण कुणी सांगितलं? दिवस कुणी सांगितला? होडी एकच हाय, हे?"

मी घडीवर आणखी एक घडी घातली.

"छत्तीस वर्सं पोरांना शिकिवलं तुम्ही," बाना म्हणाली, "आन् एक पोरगं वळखता आलं नाय."

१६ फेब्रुवारी

सत्यशीलाला सगळं सांगितलं. जीप, ओली वाळू, दोन फोन. शेवटी ते सांगितलं जे सांगताना दात नसलेल्या फटीतून नुसती हवाच येत होती. त्यानं मला बजावलं होतं, इथं थांबू नका, नकाशा फाडा. आणि मी ते माझ्या अभिमानापायी पोटात ठेवलं.

ती निखळलेला खांदा धरून बसली होती. मारली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मामा, तो उतार तुमच्या बाचा. माझ्या पायाखाली तो नव्हता. मला हाय ती नदी सांगणारं कुणी पायजे. हुती ती नगं."

नकाशा चुलीत घातला. निळी शाई हिरव्या ज्योतीनं जळते, हे माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी

टपरीवाल्यानं पेपर पुढं केला. 'वाळूच्या वादातून तरुणाला बेदम मारहाण, प्रकृती चिंताजनक.' फोटोत सत्यम. शेतात गाठला, सळयांनी दोन्ही पाय मोडले, मग डोकं. पेपराचं कात्रण त्याच्या तोंडात कोंबलं होतं, असं लिहिलंय.

कात्रण. माझं.

वडाच्या पारावर बसून राहिलो. मेंढीच्या तोंडातली वाळू आठवली. ती जत्रेची मस्करी नव्हती, हे मला आज कळलं. बानाला त्याच दिवशी कळलं होतं.

२१ फेब्रुवारी

सत्यम गेला. सकाळी.

एक ओळ लिहायला बसलो, त्याच्यावर. मग पेन खाली ठेवलं. माझ्या ओळी आता कुणाच्या अंगावरून जायला नकोत.

२ मार्च

खांदा सुधारतोय. सत्यशीला नुसत्या डाव्या हातानं पोहायला लागली. पुन्हा जाणार म्हणते, मार्च संपायच्या आत, पाणी आणखी आटायच्या आधी. फकिरा आला होता, कपाळावर रेल्वेच्या रुळांसारखी खूण. म्हणाला, "मी येतो ताई. पर खड्डे कुठं हायेत ते ठावं पायजे. त्यांनी रोज नवा खड्डा पाडलाय. नायतर म्या तुला मसनात नेल्यावाणी व्हईल." सत्यशीला मान खाली घालून बसली. हे सांगणारं कुणी नाही. ज्यांना ठाऊक आहे ते सळया घेऊन उभे आहेत.

फकिरा गेल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "नाय जमलं तर नाय जमलं, मामा." मला ते वाक्य सहन झालं नाही.

५ मार्च

पाहुणी अजून आत बसली आहे. बाना तिच्यासाठी चहा टाकतेय. मी ओसरीवर हे लिहितोय, कारण उद्यापर्यंत थांबलो तर माझं मन त्यात काहीतरी गोड मिसळील.

दुपारी फाटक वाजलं. दारात एक बाई, साठीची, काठापदराचं लुगडं, कपाळ रिकामं, पायांत धूळ. एवढ्या उन्हात नदीकाठच्या गावाहून एकटी आलेली. पाटलाच्या घरची बाई आमच्या उंबऱ्यावर ह्या जन्मात आली नव्हती.

"सोनाजी मास्तर तुम्हीच का?"

"हो."

"मी वच्छलाबाई. सत्यमची माय."

मी दाराची चौकट धरली.

"माझ्या लेकराचं नाव पेपरात घालायची घाई कुणाला झाली व्हती?"

"मला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि ते बरं झालं.

तिनं हात उचलला. मला वाटलं मारणार, आणि मी तोंड पुढं केलं. तिनं मारलं. सगळ्या ताकदीनं, शिवलेल्या ओठावर. भरत आलेली जखम पुन्हा उलली. मग ती तशीच उभी राहिली, स्वतःच्या हाताकडं बघत. आतून बाना आणि सत्यशीला धावत आल्या. बाना ओरडणार होती, पण तिनं त्या बाईचं कपाळ पाहिलं आणि उचललेला हात खाली घेतला.

वच्छलाबाईनं सत्यशीलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तूच का? जिला त्यानं काढली?"

"व्हय."

"तुझ्या नवऱ्यावर गाडी घातली ती माझ्या दिरानं, तात्यासाहेबानं. बोटीवरचा सर्जेराव त्याचाच माणूस. सत्यम शेजारी बसला व्हता. दोन वर्सं माझं लेकरू नीट जेवलं नाय." तिनं ओच्यातून फोन काढला. दुसरा फोन. नदीचा. "गाडी कुणाची, कोण चालवत व्हतं, समदं ह्याच्यात बोलून ठिवलंय त्यानं. आन् खड्डे. खामेपासून भिंतीपर्यंत, खड्ड्याखड्ड्याची खूण. रोज रात्री घालायचा. मला म्हणायचा, माय, मला कायी झालं तर हे मास्तरच्या सुनेला दे. त्या मास्तरला नको. त्यो कविता करील."

सत्यशीलानं डाव्या हातानं फोन घेतला. त्यावर वाळूचे कण होते.

"पोलिसात देशील?"

"देईन. तुम्ही याल का संगट?"

"यायचं नसतं तर इथवर कामून आले असते?"

बानानं पुढं होऊन तिचा हात धरला, ज्या हातानं मला मारलं तोच, आणि म्हणाली, "आत या, बाई. उन्हात नका थांबू."

उंबरा ओलांडताना तिच्या ओच्यातून काहीतरी खाली पडलं. कापलेल्या दोरीच्या तुकड्यासकट. फरशीवर आपटून, गडगडत, माझ्या पायाशी येऊन थांबलं.

टण्.

ह्या खेपेला मी डोळे मिटले नाहीत.